युफोरियाची धास्ती

१७०६ साली छापलेल्या एका इंग्रजी शब्दकोशात ‘युफोरिया’चा जो अर्थ दिलाय, तो आज कुणाला वाचून दाखवला तर भलत्याच शब्दाचा वाटेल. औषध अंगाला चांगलं मानवणं, म्हणजे ते घेतल्यावर आजाऱ्याला आराम पडणं, हायसं वाटणं. बस्स, इतकंच. त्यात नाच नाही, गुलाल नाही आणि तारवटलेल्या डोळ्यांची धुंदी तर नाहीच नाही.

आज हा शब्द कानावर येतो तो निराळ्याच ठिकाणांहून. ४ जुलै २०२४ ला टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकून आलेल्या संघासाठी मरीन ड्राइव्हवर माणसांचा जो लोंढा उसळला, तसलं काही दिसलं की इंग्रजी समालोचकांच्या तोंडी हा शब्द हटकून येतो. सेन्सेक्स चढत चालला की बाजारातले जाणकारही ‘युफोरिया’ म्हणतात, पण आवाज जरा खाली आणून, कारण त्यांना सुचवायचं असतं की आता सांभाळा. बँडला, मालिकेला, पबला हे नाव शोभून दिसतं. मानसोपचारतज्ज्ञाच्या केसपेपरवर मात्र तो शब्द दिसला, तर ती काळजीची नोंद असते.

शब्द भरकटतात, त्यात नवल नाही. पण या शब्दाचा पहिला अर्थ वैद्यकाच्या हातून निसटला आणि दुसरा अर्थ त्याच्या मानगुटीवर बसला, याची किंमत आपल्या देशात कॅन्सरने तळमळणाऱ्या माणसांनी मोजली आहे. अजूनही मोजताहेत. माझा रोख मॉर्फीनकडे, म्हणजे अफूपासून काढलेल्या जालीम वेदनाशामकाकडे आहे. आजाऱ्याला बरं वाटेल या गोष्टीचीच धास्ती घेतलेली व्यवस्था आपण उभी केली, कायदा बदलला तरी ती धास्ती तशीच ठेवली, आणि ती घालवायचं काम डॉक्टरांइतकंच आपलंही आहे, असं माझं म्हणणं आहे.

शब्द मूळचा ग्रीक. त्यातल्या ‘इव्’चा अर्थ चांगलं आणि ‘फेरेइन’चा अर्थ वाहणं, पेलणं. भाषेचे अभ्यासक या दोन्ही तुकड्यांचं नातं संस्कृतशी जोडतात. ‘इव्’ हा आपल्या ‘सु’चा भाऊबंद, आणि ‘फेरेइन’ ही ‘भृ’ धातूची ग्रीक बहीण; याच धातूपासून भार, भरण, भर्ता हे शब्द आले. तेव्हा युफोरिया म्हणजे ओझं नीट पेलता येणं. ओझं उतरलं असं त्या शब्दात कुठेही म्हटलेलं नाही. आजार आहे तिथेच आहे, फक्त आता तो झेपतोय. आपण तापातून उठलेल्या माणसाच्या कपाळावर हात ठेवून विचारतो, ‘बरं वाटतंय का?’ त्या ‘बरं’मध्ये प्रकृती आणि सुख दोन्ही एकदमच येतात. आनंदातिरेक, हर्षोन्माद वगैरे भारदस्त प्रतिशब्द कोशात आहेत, पण १७०६ च्या अर्थाला ते जवळपासही फिरकत नाहीत.

एकोणिसाव्या शतकात पारडं फिरलं. १८६० च्या दशकात थॉमस लेकॉक या इंग्रज डॉक्टरने नोंदवलं की काही असाध्य आजारांत अगदी शेवटी रुग्णाला अवेळीच बरं वाटू लागतं, आशा वाटू लागते. त्याचं कारण त्याने मज्जासंस्थेच्या बिघाडात शोधलं. १८८४ मध्ये तरुण सिग्मंड फ्रॉइडने कोकेनवर प्रबंध लिहिला. स्वतः घेऊन पाहिल्यावर त्याला वाटलं, की कोकेनने येतो तो निरोगी माणसाचा स्वाभाविक युफोरियाच. मॉर्फीनची सवय सुटावी म्हणून त्याने आपल्या एका मित्राला कोकेन सुचवलं, आणि त्या मित्राची वाताहत झाली. १८९० च्या सुमाराला कार्ल वेर्निके हे जर्मन मेंदूविकारतज्ज्ञ उन्मादाच्या रुग्णांविषयी बोलताना विकृत युफोरिया असा शब्द वापरू लागले. तीस वर्षांत ‘बरं वाटणं’ हे रोगाचं लक्षण होऊन बसलं. पुढे मॉर्फीनच्या माहितीपत्रकात युफोरियाची वर्णी लागली ती मळमळ, गुंगी आणि बद्धकोष्ठ यांच्या पंगतीत, दुष्परिणाम म्हणून. औषध लागू पडल्याचं सांगायला जो शब्द जन्माला आला, तो औषधाचा दोष ठरला.

सुखावर नजर खिळली की शेजारचं दुखणं दिसेनासं होतं. याचा एक जुना किस्सा आहे. ब्रिस्टलच्या न्यूमॅटिक इन्स्टिट्यूशनमध्ये १७९९ मध्ये हम्फ्री डेव्ही नावाचा विशीतला पोरगा नायट्रस ऑक्साइड वायूवर प्रयोग करत होता. रेशमी पिशवीत भरून तो वायू स्वतः हुंगायचा आणि मित्रांनाही हुंगवायचा. कवी कोलरिज आणि सदी हेही त्या मित्रांत होते. हसू फुटायचं, अंगभर गुदगुल्या व्हायच्या, कुणी उड्या मारायचं. अक्कलदाढेने डेव्हीची हिरडी सुजली होती. वायू हुंगल्यावर ठणका थांबतो, हेही त्याच्या ध्यानात आलं. १८०० मध्ये छापलेल्या ग्रंथात त्याने लिहून ठेवलं, की हा वायू शारीरिक वेदना नाहीशी करू शकतो असं दिसतं, तेव्हा फारसा रक्तस्राव न होणाऱ्या शस्त्रक्रियांत त्याचा उपयोग व्हावा.

वाक्य छापलं गेलं, आणि पुढची चाळीसहून जास्त वर्षं तो वायू मेजवान्यांत आणि तिकीट लावून केलेल्या खेळांत लोकांना हसवत राहिला. त्याच काळात शस्त्रक्रियेच्या टेबलावर माणसांना चौघांनी दाबून धरून कापत होते. अखेर १८४४ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या हार्टफर्डला असल्याच एका खेळात होरेस वेल्स हा दंतवैद्य प्रेक्षकांत बसला होता. वायू हुंगून धडपडलेल्या एकाच्या पायाला जखम झाली, रक्त आलं, आणि त्या गड्याला त्याचा पत्ताच नाही, हे वेल्सने पाहिलं. दुसऱ्याच दिवशी त्याने वायू हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली. डेव्हीच्या वायूतल्या सुखाला लोक भुलले, मॉर्फीनमधल्या सुखाला राज्यकर्ते घाबरले. दोन्हीकडे दुखणाऱ्याचा नंबर शेवटी लागला.

मुळात मॉर्फीन घेतलं की सुखाची लाट येते, हे तरी कितपत खरं? १९५५ मध्ये हार्वर्डचे हेन्री बीचर आणि त्यांचे सहकारी लसान्या आणि फॉन फेल्झिंगर यांनी हे तपासून पाहिलं. धडधाकट स्वयंसेवकांना मॉर्फीन आणि हेरॉईन टोचलं, तेव्हा बहुतेकांना ते मुळीच आवडलं नाही. मळमळलं, गुंगी आली, डोकं जड झालं. त्यांना जास्त खुलवलं ते तरतरी आणणाऱ्या अ‍ॅम्फेटामाइनने. मॉर्फीनची मजा वाटली ती आधी व्यसनात असलेल्यांना. गोळीत युफोरिया ठासून भरलेला नसतो. कोण घेतोय, कशासाठी घेतोय, सुईने घेतोय की तोंडाने, एकदम घेतोय की थोडं थोडं, यावर ते ठरतं.

लंडनच्या सिसिली सॉन्डर्स यांनी हेच रुग्णांच्या खाटेशी बसून दाखवलं. त्या आधी नर्स होत्या, मग वैद्यकीय समाजसेविका, आणि मग चाळिशीच्या उंबरठ्यावर डॉक्टर झाल्या. त्यांचा आग्रह साधा होता. कळ उठून माणूस विव्हळेपर्यंत थांबायचं आणि मग इंजेक्शन द्यायचं, ही रीत सोडा. ठरलेल्या वेळी, कळ परतायच्या आत, तोंडाने मॉर्फीन द्या. असं दिलं की रुग्ण औषधाच्या वाटेकडे डोळे लावून बसत नाही, कारण वेदनेची वाट बघण्यातून तो सुटलेला असतो. १९६७ मध्ये त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे बरे न होणाऱ्या रुग्णांची अखेरपर्यंत काळजी घेणारं केंद्र, सुरू केलं. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये कॅन्सरच्या वेदनेसाठी जी पद्धत सांगितली तिचं सारही हेच आहे: तोंडाने, घड्याळाप्रमाणे, पायरीपायरीने. या क्षेत्रातले डॉक्टर नव्या पोरांना आणखी एक गोष्ट बजावतात, की मॉर्फीन लिहिणाऱ्या हाताने त्याच चिठ्ठीवर पोट साफ होण्याचं औषधही लिहावं. कारण नियमाने मॉर्फीन घेणाऱ्याला जवळजवळ हमखास छळतं ते बद्धकोष्ठ. धुंदीची भीती घालणाऱ्यांनी कॅन्सरच्या वॉर्डात एक फेरी मारावी. तिथे गप्पा शौचाच्या चाललेल्या असतात.

आता आपल्याकडे येऊ. १९८५ मध्ये संसदेने अमली पदार्थांविरुद्धचा कायदा केला, ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात. बऱ्याच गुन्ह्यांना किमान दहा वर्षं सक्तमजुरी, पुढे जामीनही दुरापास्त. वैद्यकीय वापराला कायद्याने बंदी घातली नव्हती, हे लक्षात ठेवायला हवं. पण प्रत्येक राज्याने आपापले नियम केले. मॉर्फीन ठेवायचं तर रुग्णालयाला चार-पाच वेगवेगळे परवाने लागायचे. उत्पादन शुल्क खात्याचा एक, औषध खात्याचा एक, दुसऱ्या राज्यातून माल आणायचा तर त्याचा आणखी एक, आणि हे सगळे एकाच वेळी मुदतीत असायला हवेत. शेवटचा हाती येईपर्यंत पहिला संपलेला. औषध दुकानदार, कंपन्या, रुग्णालयं, सगळ्यांनी हात झटकले. १९८५ नंतरच्या बारा वर्षांत देशातला औषधी मॉर्फीनचा वापर सुमारे ९७ टक्क्यांनी कोसळला आणि १९९७ मध्ये अवघ्या १८ किलोवर आला. सगळ्या देशासाठी १८ किलो.

आणि हे घडत होतं अशा देशात, जो औषधासाठी कायदेशीर अफू पिकवून जगाला पुरवतो. मंदसौर, नीमच, चित्तोडगड या भागांत सरकारी परवान्यावर अफूची शेती होते. नीमच आणि गाझीपूरला सरकारचे अफूचे कारखाने आहेत. गाझीपूरचा तर १८२० पासूनचा, कंपनी सरकारच्या काळातला. मुंबईला या व्यवहाराची ओळख नवी नाही. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनकडे जायची आणि त्या व्यापारात गब्बर झालेल्यांत सर जमशेटजी जीजीभॉय होते. त्यांच्या देणगीतून उभं राहिलेलं जे. जे. रुग्णालय १८४५ मध्ये सुरू झालं. म्हणजे अफूच्या पैशाने या शहरात रुग्णालय बांधलं गेलं, आणि दीडशे वर्षांनी त्याच अफूचा अर्क रुग्णालयांना मिळणं मुश्कील झालं.

माझी एक आत्या तालुक्याच्या गावी राहायची. स्तनाचा कॅन्सर हाडांत उतरला होता. तिला कूस बदलायची असली की ती आधी खाटेच्या लोखंडी दांडीला दोन्ही हातांनी घट्ट धरायची, डोळे मिटायची आणि मनाशी काहीतरी पुटपुटायची. आम्हाला वाटायचं जप करतेय. नंतर कळलं की ती आकडे मोजत असायची, कळ ओसरेपर्यंत. तिथल्या डॉक्टरांना मॉर्फीनबद्दल विचारलं, तर ते म्हणाले, ‘नको हो, सवय लागेल.’ माणूस वाईट नव्हता. रात्री-अपरात्री घरी येऊन इंजेक्शन देऊन जायचा, पैसेही धड घ्यायचा नाही. पण मॉर्फीन म्हटलं की त्याच्या चेहऱ्यावर पोलीस उभे राहायचे. औषधाच्या दुकानात तर नाव काढताच काउंटरवरचा पोऱ्या मालकाकडे बघायला लागला, आणि मालक म्हणाला, ‘तसलं आपण ठेवत नाही.’

पुढे मोठ्या शहरातल्या एका केंद्रातून तिच्यासाठी मॉर्फीनच्या गोळ्या मिळाल्या. दर चार तासांनी एक, रात्रीची जरा जास्त मात्रा. पहिले एक-दोन दिवस ती नुसती झोपली. मग एका सकाळी उशीला टेकून बसली आणि वहिनीला म्हणाली, ‘माझ्या भिशीचा हप्ता कुणी भरला का? नाहीतर त्या बाया माझं नाव मागे ढकलतील.’ घरातलं कुणी हसलं, कुणाला रडू आलं. तिला धुंदी, तरंगल्यासारखं वगैरे काही होत नव्हतं. तिला भिशीची काळजी करायला सवड मिळाली होती. १७०६ च्या त्या कोशकाराला जे म्हणायचं होतं ते बहुधा हेच.

‘सवय लागेल’ हे वाक्य आपल्याकडे इतकं सहज पटतं, याचं कारण नुसत्या कायद्यात नाही. सोसणं हा आपल्याकडे गुण मानला जातो, बाईच्या बाबतीत तर पहिला गुण. तिने हूं का चूं केलं नाही, हे आपण कौतुकाने सांगतो. गेलेल्या माणसाबद्दल ‘फार सोसलं हो’ असं म्हणताना आवाजात जो आदर येतो, तो ऐकून पाहा. आलेला भोग निमूट भोगून संपवावा, औषधाने तो चुकवला तर बाकी राहील, असाही एक समज घराघरांत दबा धरून बसलेला असतो. गंमत अशी की ग्रीक शब्दातही सोसणं आहेच, तिथे फक्त ‘चांगलं’ हे विशेषण आधी जोडलेलं आहे. दात-ओठ खाऊन सोसणं आणि दुखणं आटोक्यात ठेवून आपलं उरलेलं आयुष्य जगणं, यांतल्या दुसऱ्याला युफोरिया म्हणायचे. पहिल्याला आपण पुण्य म्हणतो.

या मतावर आक्षेप आहेत आणि ते पोकळ नाहीत. सगळ्यांत मोठा आक्षेप अमेरिकेचा. १९८० मध्ये तिथल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात पाच वाक्यांचं एक पत्र छापून आलं. रुग्णालयात अफूवर्गीय औषधं दिलेल्या ११,८८२ रुग्णांत व्यसन लागल्याची नोंद फक्त चौघांची, असा त्याचा आशय. ते निरीक्षण रुग्णालयाच्या चार भिंतींतलं होतं. पुढे कंपन्यांच्या विक्रेत्यांनी आणि काही तज्ज्ञांनी ते पत्र असं फिरवलं, की पाठदुखीला महिनोन् महिने घरी गोळ्या खाल्ल्या तरी चिंता नाही. पर्ड्यू कंपनीची ऑक्सिकॉन्टिन ही अफूवर्गीय गोळी १९९६ मध्ये बाजारात आली. तिच्या व्यसनाचा धोका कमी असल्याची भूल घातल्याबद्दल कंपनीने २००७ मध्ये गुन्हा कबूल केला. तोवर गावंच्या गावं बरबाद झाली होती. त्याआधीही १८९८ मध्ये बायर कंपनीने हेरॉईन हे नाव देऊन खोकल्याचं औषध विकलं होतंच. आपल्याकडेही मुंबईच्या गिरणगावात कामावर जाणाऱ्या बाया तान्ह्या पोरांना अफूची बाळागोळी चाटवून निजवत. त्यातली काही पोरं उठतच नसत. अफूला भिण्यात मूर्खपणा नाही.

पण या गोष्टी नीट पाहिल्या तर त्यांतून निघतं काय? अमेरिकेत औषध नफ्यासाठी, जाहिरात करून, ज्यांना त्याची गरज नव्हती अशांच्या गळी उतरवलं गेलं. बाळागोळीमागे पाळणाघर नसलेल्या गिरण्यांचं बारा-बारा तासांचं काम होतं. कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या माणसाला प्रशिक्षित डॉक्टरच्या देखरेखीखाली मोजून गोळ्या देणं याला त्या मापाने मोजता येत नाही. आणि आपल्याच देशातला पुरावा हाताशी आहे. कोळिकोडला १९९३ मध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनाशमनाचं काम सुरू केलं. तिथे रुग्ण मॉर्फीनच्या गोळ्या घरी घेऊन जात. दोन वर्षांतल्या १,७२३ रुग्णांची पाहणी २००१ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. औषधाचा गैरवापर झाल्याचं किंवा ते बाहेर काळ्या बाजारात गेल्याचं एकही उदाहरण त्यांना आढळलं नाही. केरळने २००८ मध्ये वेदनाशमनाचं सरकारी धोरणच आखलं आणि ते काम पंचायतींपर्यंत नेलं. केरळ व्यसनात बुडाला तो मॉर्फीनच्या गोळीने, असं तिथला कट्टर विरोधकही म्हणणार नाही. तिथली दारू हा वेगळा विषय आहे, आणि तिच्यावर महसूल गोळा करताना कुठल्याच राज्याला सवय लागण्याची भीती वाटत नाही.

तेव्हा भीती असावी, पण ती नेमकी असावी. कुणाला द्यायचं, किती द्यायचं, उरलेल्या गोळ्यांचा हिशेब कसा ठेवायचा, याबद्दल कडक राहावं. सरसकट ‘नकोच’ म्हणणं हा सगळ्यांत सोपा मार्ग, आणि तो निवडणाऱ्याला शिक्षा कधीच होत नाही. मॉर्फीन दिलं आणि काही बिघडलं तर डॉक्टर अडकतो. दिलं नाही आणि माणूस महिनाभर तळमळून मेला, तर कुठल्याही वहीत त्याची नोंद होत नाही.

कायद्याने ही चूक मान्य केली, पण तीस वर्षांनी. मधल्या काळात आईला मॉर्फीन न मिळाल्याने एक मुलगा दिल्ली उच्च न्यायालयात गेला होता; १९९८ मध्ये न्यायालयाने पुरवठा सुरळीत करायला सांगितलं. २००७ मध्ये वेदनाशमनातल्या डॉक्टरांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. अखेर २०१४ मध्ये संसदेने कायद्यात दुरुस्ती केली. औषधाचा वैद्यकीय वापर होईल हे पाहणं हेही सरकारचं कर्तव्य, असं कायद्यात आलं. मॉर्फीन, फेंटानिल, मेथाडोन, कोडीन, ऑक्सिकोडोन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधं ‘अत्यावश्यक’ म्हणून वेगळी काढली गेली आणि राज्याराज्यांचे परवाने मोडीत निघाले. आता प्रशिक्षित डॉक्टर असलेल्या रुग्णालयाला राज्याच्या औषध नियंत्रकाकडून मान्यता घ्यावी लागते. मान्यता मिळाली की कुलूपबंद कपाट, नोंदवही आणि वर्षाचा हिशेब. एवढंच.

तरीही २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’च्या आयोगाने जगाचा हिशेब मांडला, तेव्हा भारतात गरजेच्या सुमारे ४ टक्केच अफूवर्गीय वेदनाशामक औषध पोचत असल्याचं दिसलं. कायदा कागदावर बदलतो. तोवर डॉक्टरांच्या दोन पिढ्या मॉर्फीन हातात न धरताच निवृत्तीला आल्या होत्या, आणि ज्याने ते कधी लिहिलेलंच नाही तो आपल्या विद्यार्थ्याला काय शिकवणार?

महाराष्ट्राचं याबाबतीतलं अपयश मला जास्त बोचतं, कारण सुरुवात इथेच झाली होती. देशातलं पहिलं हॉस्पिस, शांती अवेदना सदन, १९८६ मध्ये वांद्र्याला सुरू झालं. पुढे गोव्यातही त्याची शाखा निघाली. टाटा मेमोरियलमध्ये वेदनाशमनाचा स्वतंत्र विभाग आहे, पदव्युत्तर शिक्षण आहे. पुण्याला वारज्यात सिप्लाचं केंद्र १९९७ पासून चालतं. म्हणजे ज्ञान आहे, माणसं आहेत, पैसाही आहे, पण सगळं द्रुतगती महामार्गाच्या दोन टोकांना. हिंगोलीच्या किंवा गडचिरोलीच्या माणसाने वेदना सहन होईना म्हणून एसटीने मुंबईला यायचं, परळच्या फुटपाथवर पथारी पसरायची, गोळ्या घ्यायच्या आणि त्या संपल्या की पुन्हा तीच वारी करायची. दहा मिलिग्रॅमची एक गोळी काही रुपयांना पडते. तिच्यासाठी एका रुग्णाचा आणि सोबतच्या दोघांचा प्रवासखर्च, बुडालेली मजुरी आणि हाडांच्या कॅन्सरने पोखरलेल्या पाठीने केलेला रात्रभराचा प्रवास. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात वेदनाशमन हे प्राथमिक आरोग्यसेवेचा भाग आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात नाही तर नाही, निदान प्रत्येक जिल्हा रुग्णालयात तरी ती गोळी मिळायला काय अडचण आहे?

अडचण म्हणून जे सांगितलं जातं ते मी ऐकलंय. प्रशिक्षित डॉक्टर नाही. असलाच तर त्याची बदली होते. कपाटाची किल्ली कुणाकडे ठेवायची यावर एकमत होत नाही. हिशेबात दोन गोळ्या कमी भरल्या तर चौकशी लागेल म्हणून औषधनिर्माता तयार नसतो. मागणीच नाही, असंही ऐकवलं जातं, आणि हे उत्तर मला सगळ्यांत संतापजनक वाटतं. जे औषध अस्तित्वात आहे हेच रुग्णाला ठाऊक नाही, त्याची मागणी तो कशी करणार? विव्हळणं हीच मागणी असते, पण तिचा अर्ज होत नाही.

अर्ज मात्र आपण करू शकतो. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अन्न व औषध प्रशासनाला विचारता येतं, की आपल्या जिल्ह्यात मॉर्फीनसाठी मान्यता घेतलेली रुग्णालयं किती आणि कोणती, त्यांतली सरकारी किती, आणि गेल्या वर्षी त्यांनी किती गोळ्या वापरल्या. जिल्हा शल्यचिकित्सकांना विचारता येतं, की मान्यतेसाठी अर्ज केला होता का, केला नसेल तर का नाही, आणि वेदनाशमनाच्या प्रशिक्षणाला गेल्या तीन वर्षांत कुणाला पाठवलं. वापराच्या रकान्यात शून्य लिहून आलं, तर त्या उत्तराची प्रत घेऊन जिल्हा नियोजन समितीवर असलेल्या आमदाराकडे जावं. रस्ता आणि समाजमंदिर मागायला जातो तसंच.